परीक्षेची राखण

ट्रॉम्सोमध्ये डिसेंबरात सूर्य उगवत नाही,
त्यामुळे नऊचा पेपर म्हणजे रात्रीचाच पेपर.
क्रीडागृहात तीनशे बाकं,
बास्केटबॉलच्या रेषा त्यांच्या पायांखालून निघून जातात,
आणि आम्ही सात म्हाताऱ्या, एक म्हातारा,
गळ्यात बिल्ले, पायांत लोकरीचे मोजे.
बूट वाजता कामा नयेत, असा नियम.

आज तत्त्वज्ञान. सगळ्यांना सक्तीचं.
कुणाला नर्स व्हायचंय, कुणाला मासे मोजायचेत,
कुणाला समुद्रातल्या तेलविहिरीवर पगार मोजायचाय,
पण आधी हे:
माणसाला इच्छा असते, की नुसती सवय?
चार तास. सोदाहरण.

वसंतात म्हणे समिती बसणार,
हा विषय ठेवायचा की काढायचा.
वर्तमानपत्रात रोज पत्रं येतात.
एक लिहितो, गळ्यात मारलेलं गळ्यातच अडकतं.
दुसरा लिहितो, अशानं डॉक्टर नुसते मेकॅनिक होतील.
(आमचा मेकॅनिक चांगला विचारी माणूस आहे,
पण ते असो.)

मला कुणी विचारलेलं नाही.
मी सातवी झाले आणि बोट्सफ्योरच्या कारखान्यात
पट्ट्यापाशी उभी राहिले.
पुढं कितीतरी वर्षं एकच काप:
कल्ल्यामागून, तिरका, डावीकडून.
हात इतका बसलेला की झोपेत उशी कापायचा.
मासा माझ्यापर्यंत यायचा तो पोट रिकामं होऊनच.
मग एकदा बोरगिल्ड तापानं पडली
आणि मुकादमानं मला वरच्या टोकाला धाडलं.
नाही म्हणायची सोय नव्हती.

तिथं पोटं उघडत होती.
आत अख्खे चंदेरी छोटे मासे, अजून चकाकणारे,
खेकड्याचं पिल्लू,
एक गंजका स्क्रू.
कॉड काय खातो, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.
दिवसाला हजारो हाताखालून गेलेले.

त्याच दिवशी अंगठाही कापला.
थंडीत अजून ठणकतो.
ही गोष्ट सांगताना कुठं थांबावं
ते मला नीट ठरवता येत नाही.

खिडकीकडच्या रांगेत रान्वाइग बसली आहे.
तिसऱ्यांदा. बाकीची सगळी पदवी
या एका पेपरापाशी खोळंबलेली.
दोन मुलं, कर्ज, आणि रात्रपाळी
त्याच वृद्धाश्रमात, जिथं माझी बहीण पडून आहे.
मी पाहिलंय: पहाटे ती वाकते,
बहिणीच्या कानाशी विचारते,
उजव्या कुशीवर, की डाव्या?
बहीण बोलत नाही. ती थांबते.
पापणी हलेपर्यंत थांबते.
आता कोऱ्या कागदापुढं तशीच थांबली आहे,
पण कागदाला पापणी नाही.

अकरा वाजता एका पोरानं हात वर केला.
मत्स्यशास्त्राचा, एइलिफ, बिल्ल्यावर नाव.
नियमाप्रमाणं त्याच्यामागून संडासापर्यंत गेले.
परत येताना तो कुजबुजला,
तू काय लिहिलं असतंस?
बोलायला बंदी आहे.
मी म्हटलं, हात धुतलास का?
तो माघारी जाऊन धुऊन आला.
सक्तीनं, म्हणा.

एक वाजता कागद गोळा केले, मोजले, पुन्हा मोजले.
रान्वाइगची तीन पानं होती.
मी वाचली नाहीत. वाचायची नसतात.
नुसतं वजन कळतं हाताला.

उरलेली एक प्रश्नपत्रिका मात्र
कोटाच्या खिशात घालून आणली.
ओट्याशी बसून, वाणसामानाच्या यादीमागं
सुरुवात केली:
अकरा वर्षं माझ्या हाताला वाटत होतं की...
खोडलं. हाताला वाटतं का?
पुन्हा लिहिलं.
कॉफी निवली. बटाटे उकडायचे राहिले.
चार तास केव्हाच होऊन गेले होते
आणि माझा कागद ओढून न्यायला
कुणी आलं नाही.